झोपेत दात खाणं: आवाज एकाला, दुखणं दुसऱ्याला

सदर: घरचं आरोग्य



झोपेत दात खाणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज सहसा ऐकू येत नाही. तो ऐकतो शेजारी झोपलेला माणूस. पूर्वी घरातली सगळी भावंडं एका ओळीत अंथरुणं टाकून झोपायची. तेव्हा कोण घोरतं, कोण बरळतं आणि कोण कराकरा दात खातं, हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. सकाळी चहाच्या वेळी त्यावरून थट्टाही व्हायची. आता कारापूर-साखळीच्या घरांतसुद्धा मुलांना वेगळी खोली असते. शिकायला किंवा नोकरीला पुण्या-बेंगळुरूला गेलेली मुलं तर एकटीच झोपतात. त्यामुळे दात रात्रीमागून रात्री घासले जातात आणि ते कळतं दोन-चार वर्षांनी. एखाद्या दाढेचा टवका उडतो, किंवा सकाळी जांभई देताना कानाजवळ अशी कळ येते की हातातला ब्रश खाली ठेवावा लागतो.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं कान तपासून घे, कुणी म्हणतं अक्कलदाढ काढून टाक, आजी म्हणते जंताचं औषध द्या. सगळे प्रेमापोटीच सांगत असतात. पण एक गोष्ट आधी नीट समजून घेतली तर बराच त्रास आणि खर्च वाचतो. इथे कामं तीन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. पहिलं काम दात वाचवण्याचं, दुसरं जबड्याचं दुखणं कमी करण्याचं आणि तिसरं झोप का बिघडली आहे ते शोधण्याचं. एकाच इलाजानं ही तिन्ही कामं होत नाहीत. ती होतील अशा आशेनं पैसे घालणाऱ्यांच्या पदरी निराशा येते आणि कधी कधी धडधाकट दातही विनाकारण घासले जातात.

रात्री नेमकं काय होतं?

दोन्ही गालांवर, कानाच्या थोडं खाली आणि पुढे बोटं ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली टणक गोळा येतो ना? तो चावण्याचा मुख्य स्नायू. दुसरा असाच मोठा स्नायू कानशिलावर असतो. एरवी या स्नायूंना भरपूर विश्रांती असते. जेवणं, गिळणं सगळं धरून दिवसभरात वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकतात ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. बाकीच्या वेळी तोंड मिटलेलं असलं तरी दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट असते. निसर्गानं आखलेली ही विश्रांती मोडली की कुरकुर सुरू होते.

झोपेत दात खाल्ले जातात ते बहुतेक करून हलक्या झोपेत. मेंदू काही सेकंदांपुरता जागेपणाच्या काठावर येतो, हृदयाचे ठोके जरा वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू कामाला लागतात. झोपलेल्या माणसाला याची जाणीव नसते. त्यामुळे 'मनात राग धरून झोपतोस म्हणून दात खातोस' असं कुणाला सुनावण्यात अर्थ नाही. आपल्या भाषेत रागानं दातओठ खाणं आणि झोपेत दात खाणं हे शब्द शेजारी शेजारी आहेत, पण शरीरात त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या सवयीला वैद्यकात 'ब्रक्सिझम' म्हणतात. १९०७ साली फ्रान्समध्ये या शब्दाचं पहिलं रूप वापरलं गेलं. पुढे कित्येक वर्षं दंतवैद्य असं मानत होते की वरचे-खालचे दात नीट जुळत नसल्यामुळे माणूस ते घासतो. आता ते मत मागे पडलं आहे. २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जी व्याख्या ठरवली तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की, एरवी निरोगी असलेल्या माणसाचं झोपेत दात खाणं हा आजार नाही, ती स्नायूंची एक हालचाल आहे. मात्र ती फार झाली तर दातांना आणि स्नायूंना धोका होऊ शकतो. मोठ्या माणसांत साधारण दहातला एक जण झोपेत दात खातो, लहान मुलांत हे प्रमाण जास्त असतं. म्हणजे लाजण्यासारखं यात काही नाही. नवीन लग्न झालेल्या मुलीनं तर अजिबात संकोच करू नये.

ओळखायचं कसं?

शेजारी झोपणाऱ्याचं सांगणं हा पहिला पुरावा. त्याशिवाय काही खुणा आहेत. सकाळी उठल्यावर जबडा थकल्यासारखा वाटतो. कानशिलं ठणकतात आणि तासा-दोन तासांत आपोआप थांबतात. गार पाण्यानं दात शिवशिवतात. जिभेच्या कडेला दातांचे वळ उमटतात, गालाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ दिसते. भरलेला दात पुन्हा पुन्हा फुटतो. दाढांचे उंचवटे जाऊन त्या सपाट दिसू लागतात.

यातली शेवटची खूण मात्र जपून वाचावी. झिजलेला दात पाच वर्षांपूर्वी झिजलेला असू शकतो. शीतपेयांच्या किंवा पोटातून वर येणाऱ्या आम्लानंही दात झिजतात. दुसरीही एक गोष्ट आहे. जोरजोरात दात खाणाऱ्या पुष्कळ लोकांना काहीच दुखत नाही आणि जबडा दुखणाऱ्या पुष्कळ लोकांना झोपेत दात खाण्याची सवय नसते. म्हणून दात वाचवणं आणि दुखणं घालवणं ही कामं वेगळी धरायची.

दुखतंय तर दिवसापासून सुरुवात करा

जबडा दुखणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की दोष सगळा रात्रीचा. प्रत्यक्षात ते दिवसाही दात आवळून बसलेले असतात. लॅपटॉपसमोर, परीक्षेच्या अभ्यासाला, पर्वरीच्या वाहतूक कोंडीत स्कूटर चालवताना. दिवसाची ही सवय आपल्या हातात असते, त्यामुळे पहिली सुधारणा इथेच दिसते.

सूत्र सोपं आहे: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. 'न' म्हणताना जिभेचं टोक जिथे टेकतं तिथे ते सोडून द्यायचं. जीभ तिथे असली की दात आवळणं अवघड जातं. लॅपटॉपच्या कडेला, स्कूटरच्या आरशावर, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर एकेक रंगीत टिकली लावा. ती दिसली की बघायचं, दात टेकलेत का? टेकले असतील तर एक लांब श्वास सोडायचा आणि जबडा सैल करायचा. निदान महिनाभर हे करा. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडू नका.

दुखणं जोरात असेल तेव्हा जबड्याला पायासारखीच विश्रांती द्यायची. पाय मुरगळला तर आपण त्यावर नाचत नाही. मऊ खाण्याच्या बाबतीत आपण गोंयकार नशीबवान आहोत. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, माशाची कढी, खतखतं हे सगळं जबड्याला मानवणारं. एक-दोन आठवडे भाजके चणे, जत्रेतलं खाजं, ऊस, कडक उंडे आणि च्युइंगगम बाजूला ठेवा. घास लहान घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे तोंड फार उघडणार नाही. मोबाइल खांदा आणि कान यांच्यात दाबून बोलू नका. पालथं झोपणं टाळा.

दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं कोमट शेक द्या. गालावरचा तो टणक स्नायू बोटांनी हलके हलके चोळा. एक साधा व्यायामही आहे. जीभ टाळूला टेकवून ठेवायची आणि ती सुटणार नाही इतपतच तोंड हळू उघडायचं, मिटायचं. पाच-सहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दुखेपर्यंत ताणायचं नाही. गोळी लागली तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्यावी, रोजची सवय करू नये. जबड्याची बहुतेक दुखणी एवढ्या साध्या उपायांनी काही आठवड्यांत उतरतात.

तोंड उघडताना कानाजवळ 'टक' असा आवाज येतो म्हणून पुष्कळ लोक घाबरतात. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. पुन्हा पुन्हा आवाज काढून बघायची मात्र सवय लावू नका.

नाइट गार्ड काय करतो आणि काय करत नाही

दंतवैद्य दातांचं माप घेऊन कडक पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी बनवतात, ती रात्री वरच्या किंवा खालच्या दातांवर बसवायची. दात एकमेकांवर घासण्याऐवजी त्या पट्टीवर घासतात. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण एकदा झिजला की तो पुन्हा वाढत नाही. पट्टी मात्र झिजली तर नवी करता येते. तिचा खरा उपयोग हा. दात खाण्याची सवय तिच्यामुळे सुटेलच असं नाही. काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं होत नाही.

ऑनलाइन किंवा औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या, गरम पाण्यात मऊ करून चावायच्या पट्ट्या स्वस्त असतात. थोड्या दिवसांपुरत्या त्या चालतील, पण काहीजण त्या मऊ पट्टीला रात्रभर चावतच राहतात. सगळे दात झाकले जात नसतील तर दीर्घ वापरानं दात हलूही शकतात. ज्याला कायम वापरायची आहे त्यानं मापाचीच करून घ्यावी. सकाळी ती साध्या गार पाण्यानं ब्रशनं धुवावी. उकळतं पाणी लावलं तर तिचा आकार बिघडतो. दातांच्या तपासणीला जाताना ती सोबत न्यावी म्हणजे कुठे किती घासली आहे ते दंतवैद्यांना दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'तुमचे दात उंच-सखल आहेत, थोडे घासून जुळवून देतो म्हणजे दात खाणं थांबेल' असं कुणी म्हटलं तर थांबा. त्याच कारणासाठी सगळ्या दाढांवर कॅप बसवायला किंवा तारा लावायला सांगितलं तरीही थांबा. दात जुळवल्यानं झोपेतली सवय जाते याला आधार नाही आणि घासलेला दात परत मिळत नाही. फुटलेल्या दाताला कॅप लागते, वेड्यावाकड्या दातांना तारा लागतात, ती कारणं निराळी. केवळ दात खाणं थांबवण्यासाठी न परतवता येणारा उपचार सुचवला गेला, तर दुसऱ्या दंतवैद्यांचं मत घ्या. यात कुणाचा अपमान होत नाही.

बोटॉक्सच्या इंजेक्शनाबद्दलही मुलं हल्ली विचारतात. त्यानं स्नायूचा जोर तीन-चार महिने कमी होतो, मग पुन्हा पूर्ववत होतो. खर्चिक आहे. बाकीचं करूनही ज्यांचं भागत नाही अशा मोजक्या लोकांसाठी, तज्ज्ञांच्या हातून तो विचार करावा.

झोप कुणी बिघडवली?

दात हलक्या झोपेत खाल्ले जातात, म्हणून जे जे झोप हलकी करतं ते ते तपासायचं. संध्याकाळनंतरची कॉफी, चहा आणि एनर्जी ड्रिंक. सिगारेट आणि तंबाखू. रात्रीची दारू, जिच्यानं झोप लवकर लागते पण तुटक होते. यातलं एकेक महिनाभर सोडून पाहणं हा बिनखर्चाचा इलाज आहे.

मग येतं काळजीचं कारण. डिचोली तालुक्यानं २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झालेल्या पाहिल्या. ट्रक दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालू, अशा घरांत झोप कशी लागत असेल ते आपल्याला सांगायला नको. कोविडच्या काळात तर जगभर हेच झालं. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे सत्तर टक्के दंतवैद्यांनी सांगितलं की दात खाणारे, दात आवळणारे रुग्ण वाढले आहेत. आजच्या आपल्या मुलांची तऱ्हा वेगळी. मोप विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, औषधांच्या कारखान्यांत पाळ्या आहेत, घरून परदेशी कंपन्यांचं काम करणारे रात्री जागतात. पाळीची नोकरी सोडता येत नाही. पण दिवसा झोपायच्या खोलीत अंधार करणं, झोपेच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणं आणि घरातल्यांनी त्या वेळी मिक्सर आणि टीव्ही बंद ठेवणं एवढं तर जमतं. हे काम एकट्या मुलाचं नाही, सगळ्या घराचं आहे.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांकडे न्याव्यात. पहिली, दात खाण्यासोबत मोठं घोरणं, मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून उठणं आणि दिवसा पेंग येणं. हा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, त्यावर नुसता नाइट गार्ड लावून भागत नाही. दुसरी, नैराश्यावरची किंवा चिंतेवरची काही औषधं सुरू केल्यावर दात खाणं वाढू शकतं. तसं वाटलं तर ज्यांनी औषध दिलं त्यांना सांगा. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

लहान मुलं आणि जंत

मूल झोपेत दात खातं म्हणजे पोटात जंत आहेत, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. जंताचं औषध वेळच्या वेळी द्यावंच. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी देतात, ती चुकवू नये. पण जंतांमुळेच मूल दात खातं असा भक्कम पुरावा नाही. दुधाच्या दातांच्या वयात ही सवय सर्रास दिसते आणि वय वाढेल तशी बहुतेकांची सुटते. वाढत्या जबड्यावर एरवी नाइट गार्ड घालत नाहीत. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, रात्री घामाघूम होतं, असं असेल तर वाढलेल्या टॉन्सिल्ससाठी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मुलाला त्यावरून चारचौघांत चिडवू नका.

जबडा दुखतो, पण कारण दुसरंच

घरात सगळ्यांना माहीत असाव्यात अशा या खुणा:

चालताना, चढताना जबडा दुखतो, सोबत छातीत दाब, घाम, धाप. हे हृदयाचं असू शकतं. वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

विजेचा झटका बसावा तशी गालात क्षणभर कळ येते, तोंड धुताना किंवा वारा लागतानासुद्धा. हे मज्जातंतूचं दुखणं असू शकतं, त्याची औषधं वेगळी आहेत.

जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा ताठ होऊ लागला, दातखीळ बसल्यासारखी झाली, तर ताबडतोब इस्पितळात जा. तो धनुर्वात असू शकतो.

तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखट खाल्लं की आग होते आणि माणसाला सुपारीची किंवा गुटख्याची सवय आहे. याकडे खास लक्ष द्या. आपल्या भागात पानसुपारीचं तबक पाहुण्यापुढे ठेवणं हा मान आहे, पण सतत सुपारी चघळल्यानं गालाची आतली त्वचा कडक होत जाते आणि तीच पुढे कर्करोगाची वाट होऊ शकते. परीक्षा सोपी आहे: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये शिरतात का पाहा. शिरत नसतील तर 'जबडा धरलाय, शेक घेतो' म्हणून थांबू नका. सुपारी त्याच दिवशी सोडा आणि दाखवून घ्या.

जबडा एकाएकी उघडा किंवा बंद अवस्थेत अडकला, चेहऱ्यावर सूज आणि ताप आला, तरीही शेकावर भागवू नका.

जायचं कुठे?

पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या दंतवैद्यांकडे, किंवा साखळी-डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करून. पुढची गरज पडली तर बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय आहे, १९८० पासून चालू असलेलं. शेजारीच गोवा वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे झोपेचा, नाक-घशाचा किंवा मज्जातंतूंचा प्रश्न निघाला तर लांब जावं लागत नाही. जाताना दोन आठवड्यांची एक छोटी टिपणवही न्या. सकाळी दुखलं का, किती वेळ, रात्री झोप कशी होती, कोणती औषधं चालू आहेत, एवढंच लिहायचं. डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

बाहेरगावी राहणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. खोलीत कुणी सोबतीला नसेल तर आठ-दहा रात्री मोबाइलवर झोपेतला आवाज रेकॉर्ड करून पाहा. त्यावरून निदान होत नाही, पण दात खाण्याचा आणि घोरण्याचा आवाज कळतो. आणि येत्या चतुर्थीला सगळे घरी जमाल, हॉलमध्ये पुन्हा एका ओळीत अंथरुणं पडतील, तेव्हा सकाळी आई किंवा वहिनी म्हणाली, 'अरे, तू रात्री दात खात होतास', तर ते हसण्यावारी नेऊ नका. आरशासमोर उभे राहून दाढा बघा, तीन बोटांची परीक्षा करा आणि सुट्टी संपायच्या आत दंतवैद्यांची वेळ घ्या.